गाऱ्हाण्यातला गाळा

सदा, आज सकाळी रेतीवाल्याने 'शेठ' म्हणून हाक मारली आणि मी सवयीने मागे वळून बघितलं. शेठ म्हणजे तू. माझ्यामागे फक्त विटांचा ढीग होता.

तू गेल्यापासून साइटवर येणारा प्रत्येक माणूस आधी जरा गप्प उभा राहतो, मान हलवतो आणि मग विचारतो, "आता पुढे काय?" सिमेंटवाला विचारतो, गवंडी विचारतो, खोल्या बुक केलेले आपले गाववाले तर रोज विचारतात. मी सगळ्यांना सांगतो, "होईल." हे 'होईल' खरं तर तुझं. तुझ्या तोंडून ते ऐकलं की माणूस चहा पिऊन घरी जायचा. माझ्या तोंडून ऐकलं की तो आणखी अर्धा तास थांबतो.

गावकरी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून द्या म्हणून मंडळी मागे लागली आहेत. तुझा जन्म, तुझं कार्य, ते कोणीतरी शिकलेला लिहील. माझी शाळा चौथीत सुटली. मला ते थाटाचं लिहिणं जमणार नाही आणि तुला ते वाचून हसू येईल. मी तुझ्याशी बोलून घेतो. आपलं भांडण अर्धवट राहिलंय.

गिरणी बंद पडली तेव्हा भांडुपच्या गावकीच्या खोलीत आम्ही सातजण होतो आणि सातही जण दिवसभर खोलीतच असायचो. काम असताना ती खोली कशी पुरायची याचं कोडं तेव्हा सुटलं: निम्मे जण पाळीवर असायचे. तू एक दिवस आलास. तुझा प्लंबिंगचा धंदा मुलुंडमध्ये बरा चालला होता, अंगात टेरिकॉटचा शर्ट होता. दारातूनच म्हणालास, "गणू, चल. कांजूरला एक जमीन बघूया."

"माका जमिनीतला काय कळता?"

"माका खंय कळता? दोघांनी मिळान बघूया."

माझ्याकडे गिरणीतून मिळालेले पैसे होते, तेवढेच. तुझ्या पैशांपुढे ते काहीच नव्हते. तरी तू वकिलाला सांगितलंस, निम्मे-निम्मे. वकिलाने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सदा, ह्या बरोबर नाय." तू म्हणालास, "माका बोलूक येता, तुका काम येता. देवान दोन अर्धवट माणसा केल्यान, त्यांची एक पार्टनरशिप झाली." आणि मग आग्रा रोडवरच्या इराण्याकडे मला ऑम्लेट-पाव खायला घातलास. त्या दिवसानंतर तू प्रत्येकाला माझी ओळख "हे आमचे पार्टनर" अशी करून दिलीस. गावी आई शेजारणींना अजून 'गो, आमचो झील गिरणीत आसा' असंच सांगते. जगात तू एकट्यानेच मला पार्टनर म्हटलंस. हे उपकार आहेत, आणि ते मी विसरलेलो नाही. पुढे जे लिहितोय ते रागाने लिहितोय असं वाटलं, तर हे आधी लिहून ठेवलंय हे लक्षात ठेव.

जमीन चांगली होती, फक्त तिला वाट नव्हती. कांजूर गावातला रस्ता आणि आपला प्लॉट यांच्यामध्ये हिराबाय कोळणीचा चिंचोळा तुकडा होता. तिथे ती बोंबील आणि सुकट वाळवायची. नवरा खाडीत बुडून गेलेला, मुलगा नाही. रोज पाटी डोक्यावर घेऊन भांडुप, मुलुंडच्या कॉलन्यांत फिरून विकायची. तुकडा विकायला ती तयार नव्हती. मी तीनदा जाऊन परत आलो. तू एकदाच गेलास, तिच्या ओट्यावर बसलास, सुकटीच्या भावावरून तिच्याशी घासाघीस केलीस आणि उठताना म्हणालास, "हिराबाय, डोक्यावरची पाटी उतरवूया आता. रस्त्याकडचा पुढचा गाळा तुझा. बसून मासे वीक."

ती म्हणाली, "बिल्डिंगवाले नाकाला पदर लावतील रं."

"आमचे सगळे मालवणी. वास आला की खाली उतरतील."

जमिनीच्या कागदावर तिचा अंगठा झाला. गाळ्याचं मात्र त्या कागदावर काही नव्हतं. मी तेव्हाच विचारलं होतं. तू म्हणालास, पायाभरणीला बघू.

पायाभरणीला तू जे केलंस ते आपल्या गावाकडच्या माणसाशिवाय कोणी केलं नसतं. भटजींची पूजा आटोपली. मग तू नारळ हातात घेतलास, दक्षिणेकडे, आपल्या गावाच्या दिशेला तोंड केलंस आणि देवाला गाऱ्हाणं घातलंस. साइटवर, मिठागराच्या वाऱ्यात, पत्र्याच्या शेडसमोर. "बा देवा म्हाराजा, आज ह्या परक्या जाग्यार तुझी लेकरा उभी रवली हत!" आणि आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!"

मग तू आपला सगळा करारच देवाला सांगितलास. सदा आणि गणू, दोघांचा निम्मा-निम्मा. ज्यांनी ज्यांनी बुकिंग केलंय त्यांची नावं. दुसऱ्या माळ्यावरची कोपऱ्यातली खोली गणूची, त्याचं कुटुंब गावाहून येऊ दे. "आणि ज्या हिराबायेन आपली वाट आमका दिल्यान, तिका रस्त्याकडचो पुढचो गाळो भेटांदे. ह्येच्यात कोणाची नियत फिरली तर तूच बघून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी म्हटलं. तुझ्या बायकोने, शालिनी वहिनीने म्हटलं. हिराबायला आमचं गाऱ्हाणं ठाऊक नव्हतं, पण ती सगळ्यांत मोठ्याने ओरडली आणि मग पदर तोंडाला लावून हसत राहिली. "तुमचा देव बरा हाय रं, इतकं सगलं ऐकून घेतो!"

तिथून आपलं भांडण सुरू झालं.

मी म्हणायचो, हे गाळ्याचं कागदावर घे. तू म्हणायचास, "देवाक सांगून झाला. आता वकिलाक कित्याक सांगूचा?" तुला ते खरोखरच कमीपणाचं वाटायचं, देवाला सांगितलेली गोष्ट पुन्हा स्टॅम्पपेपरवर घालणं. जणू देवाची साक्ष कच्ची म्हणून वकील लागतो. आणि तू नुसता गाळ्यावर थांबलास का? एकाला न्हाणीत जादा नळ कबूल केलास, एकाला बाल्कनीला ग्रिल, पहिल्या माळ्यावरच्या मास्तरांना पुस्तकांसाठी भिंतीत फळ्या. तू हसून शब्द द्यायचास आणि तो शब्द माझ्याही नावावर चढायचा. माणसं माझ्याकडे यायची, "सदाशेठ बोललेत." मला त्यातलं काही माहीत नसायचं. मी मान डोलवायचो. जमिनीतल्या भागीदारीत पैसे बुडतात म्हणून लोक घाबरतात. मला पैशाची एवढी भीती नव्हती. मला तुझ्या तोंडाची भीती होती.

तुला मी सांगितलंही. ही बिल्डिंग उभी राहिली की आपण वेगळे होऊया. तू म्हणालास, "झकास. तू तुझ्या वाटेन, मी माझ्या. पण जेवूक रोज माझ्याकडे येवचा." हे काय वेगळं होणं?

शेवटचं भांडण तुझ्या घरी झालं, मुलुंडला. वहिनीने बांगडे तळले होते. मी पुन्हा कागदाचं काढलं. तू काटे काढता काढता म्हणालास, "अरे, तुझ्या तोंडार कायम बारा वाजलेले कित्याक? उद्या तू फिरतलस काय? नाय. मी फिरतलंय काय? नाय. मग कागद कोणासाठी?"

मी म्हटलं, "आणि आपणापैकी एक नाय रवलो तर?"

"मग दुसरो आसा मा!"

वहिनी हसली. मीही हसलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तू गेलास. ते कसं झालं ते लिहीत नाही, तुझ्या मुलांना कधीतरी हे वाचायचंय.

बाराव्यानंतर मी वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, "तुमच्या करारात मृत्यूबद्दल काहीच कलम नाही. दोनच भागीदार होतात. एक गेला, भागीदारी संपली." मी म्हटलं, मग? तो म्हणाला, "भागीदारी संपली. देणी संपत नाहीत. ती तुमच्याकडे." त्याने ते इतकं सहज सांगितलं, जसं पाऊस थांबलाय पण छत्री घेऊन जा. मी खाली उतरलो आणि जिन्यातच बसलो. जमिनीच्या, बिल्डिंगच्या धंद्यात भागीदार घेणाऱ्या आपल्या गाववाल्यांना मला एवढंच सांगायचंय, की माणूस कितीही चांगला असू दे, तो मेल्यावर काय, हे त्याच्याबरोबर बसून, त्याच्या जिवंतपणी, लिहून काढा. चांगल्या माणसाबरोबर तर आधी लिहा. वाईट माणसाने दिलेला शब्द मोडायला कोणाला काही वाटत नाही.

मग वहिनीचा भाऊ मोहन आला. तू त्याला 'साहेब' म्हणून चिडवायचास, पण त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. बहिणीची काळजी त्याने करायची नाही तर कोणी? घाटकोपरच्या एका किराणा व्यापाऱ्याला पुढचा गाळा हवा होता. रोख, ताबडतोब. त्या पैशांत वरचा स्लॅब घालून होत होता, अडकलेलं काम सुटत होतं, आणि वहिनीच्या हातात मुलांच्या शिक्षणापुरतं काहीतरी येत होतं. तुमच्या घरात, तुझ्या फोटोसमोर आम्ही तिघं बसलो होतो.

मोहन म्हणाला, "गणूभाऊ, त्या बाईचं कागदावर काही आहे?"

"नाही."

"मग देणं कसलं?"

वहिनी चहा गाळत होती. तिथूनच म्हणाली, "मोहन, मी होते तिथे. मीपण म्हटलं होतं."

"काय म्हटलं होतंस?"

"व्हय म्हाराजा."

मोहनने कपाळाला हात लावला. "ताई, शाळेत फी भरताना हे सांगणारेस का?"

तो चुकीचं बोलत नव्हता, सदा. तेच तर अवघड होतं. एका बाजूला तुझी बायको-मुलं, दुसऱ्या बाजूला तुझा शब्द. आणि दोघांच्या मध्ये तू मला उभा करून गेलास. वहिनीने कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "भावोजी, तुम्ही सांगाल तसं. पार्टनर तुम्ही आहात."

दुसऱ्या दिवशी मी हिराबायकडे गेलो. खरं सांगतो, मला वाटत होतं ती भांडेल. कोळीण भांडायला लागली की निम्मं गाव गोळा होतं. चार माणसांत तिने मला धुतलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. मी तरी म्हटलं असतं, माझा नाइलाज झाला. मी ओट्यावर बसलो आणि व्यापाऱ्याचं सगळं सांगितलं. ती जाळ्याच्या दोऱ्या सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, "सदाची बायको कशी हाय?"

"आहे."

"पोरं जेवतात का?"

"जेवतात."

"मंग तुला जमंल तसं कर. सदा असता तं मी त्याच्याशी भांडले असते, त्याच्या डोक्यावर पाटी उलटी केली असती. तुज्याशी काय भांडू? तू तं आताच रडाय लागलायस."

मी रडत नव्हतो. पण तिने म्हटल्यावर लागलो. तिने उठून मला पाणी दिलं. परत निघताना एका कागदात सुकट बांधून दिली, वहिनीसाठी. पैसे घेतले नाहीत.

रस्त्याने येताना मला कळलं, की आता मला कोणी अडवणार नाही. वहिनी नाही, हिराबाय नाही, मोहन तर मुळीच नाही. कागदही नाही. गाळा विकला तर कोणी कोर्टात जाणार नव्हतं. आणि तरीसुद्धा मी पायाभरणीला तोंड उघडून जे म्हटलं होतं ते मीच म्हटलं होतं. तू माझ्या तोंडाने बोलला नव्हतास. तुझ्या शब्दांची मी इतकी वर्षं तक्रार केली, पण हा एक शब्द माझाही होता.

सुमन, माझं कुटुंब, तुझ्या बाराव्याला गावाहून आली होती. आमच्या गावकीच्या खोलीत बायकामाणसाला राहता येत नाही, म्हणून वहिनीकडे राहिली. तिला मी आपली साइट दाखवली. दुसऱ्या माळ्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत, अजून भिंतींना प्लॅस्टर नाही. ती एका कोपऱ्यात जाऊन पाय दुमडून बसली आणि जमिनीवर हात टेकून म्हणाली, "चूल हय. हयसून दार दिसता." गॅस असेल असं मी म्हटलं तर म्हणाली, "गॅस हय." लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही एका छपराखाली राहिलो ते फक्त मे महिन्यात आणि गणपतीत. ती त्या कोपऱ्यात बसलेली मला अजून दिसते.

तीच खोली विकायची ठरवली. गाळ्याएवढे पैसे आले नाहीत, पण स्लॅबपुरते आले आणि वहिनीच्या हाती थोडे राहिले. आपल्या मास्तरांच्या भावाने घेतली, तो कुठे जादा नळ मागणारा माणूस नाही. वहिनीला सांगितलं तेव्हा ती रागावली. "तुमची खोली विकून माझं घर चालवायचं? ह्यांना आवडलं असतं?"

मी म्हटलं, "त्याला विचारायची सोय नाही, वहिनी."

ती म्हणाली, "ठीक आहे. पण ह्या वेळी कागद करायचा. सगळा. हिराबायचा गाळा लिहा. तुमची खोली गेली तेही लिहा, पुढच्या कामात पहिली खोली तुमची हेही लिहा. आणि तुम्ही मेलात तर काय, मी मेले तर काय, तेही. ह्यांच्या त्या बोलण्यावर मी हसले होते ना, आता लिहा."

तर सदा, मी पुन्हा भागीदारीत आहे. ज्यातून बाहेर पडायचं म्हणून तुझं डोकं खाल्लं, त्यातच परत, तुझ्या जागी तुझी बायको. वकिलाने कलमं वाचून दाखवली, वहिनीने प्रत्येक कलम थांबवून थांबवून मला समजावलं. तिला बरंच कळतं. तू तिला कधी विचारलं नाहीस, मीही नाही. हिराबाय आली होती, पावडर लावून, नवं लुगडं नेसून. अंगठा करायच्या आधी तिने वकिलाला विचारलं, "ह्यात देवाचं काय लिव्हलंय?" वकील म्हणाला, काही नाही. ती म्हणाली, "मंग मी मनात बोलते," आणि डोळे मिटून अंगठा टेकवला.

काल सुमनला एसटीवर पोचवायला गेलो. खोलीचं मी तिला अजून सांगितलं नव्हतं. धीर होत नव्हता. गाडी लागली, ट्रंक वर चढवली, खिडकीशी उभा राहिलो.

तीच म्हणाली, "खोली गेली मा?"

वहिनीने सांगितलं असणार. मी म्हटलं, "गेली."

"आणि कोळणीचो गाळो?"

"रवलो."

गावी गेल्यावर आई आधी तिलाच विचारणार होती. "आवशीक काय सांगू?"

"सांग, स्लॅब घालूचो आसा अजून."

"खोटा मी सांगूचंय नाय. खरा काय ता सांगतलंय." मग माझ्याकडे वळली. "तुमच्या सदाभावजींका आज मी शिव्या घालतलंय. रागावू नकात."

"घाल."

आणि तिने घातल्या, सदा. भर स्टँडवर. "जिभेक हाड म्हणून नाय! येताजाता देत सुटलो! दुसऱ्याची चूल वाटून मोकळो झालो नि स्वतः निघान गेलो!" पुढच्या सीटवरची म्हातारी वळून बघायला लागली. सुमनने डोळे पुसले आणि त्याच आवाजात विचारलं, "वहिनीक सोबतीक रात्री कोण आसा? एकटी नाय मा ती?" मी म्हटलं, मोहनची बायको असते. "बरा," ती म्हणाली, आणि पुन्हा एक शिवी घातली, ती मात्र इथे लिहिता येणार नाही.

मी तिला अडवलं नाही. तुझ्यावर इतक्या दिवसांत मी एकदाही मोठ्याने रागावलो नव्हतो. कोणी रागावूच देत नव्हतं. जो तो येऊन सांगायचा, केवढा मोठा माणूस. आणि मलाही ते पटायचं, म्हणून मी गप्प बसायचो. तिच्या प्रत्येक शिवीला मी मान हलवत होतो.

कंडक्टरने घंटी मारली. मी तिला म्हटलं, गणपतीला येईन. ती म्हणाली, "स्लॅब नीट बघा. पाणी मारूक विसरू नकात." एवढं तिला कुठून कळलं कोण जाणे.

फार दमलोय रे. उद्या स्लॅब आहे. गवंड्याने माणसं सांगितली आहेत, वहिनी सगळ्यांसाठी शिरा करून आणणार आहे. तू असतास तर पहाटेच भांडुपला येऊन, दार बडवून, सातही जणांची झोप उडवली असतीस. मी जागाच असेन.